ऊंडो श्वास

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून,
खरं तर बुटाची नाडी बांधताना धाप लागली म्हणून,
दांडिया बाजारातल्या त्या हॉलचे एकवीस जिने,
नव्हे, पायऱ्या (जिन्याइतक्या वाटल्या)
चढून गेलो.
काखेत सतरंजी. एका कोपऱ्यात
कुणाच्या तरी लग्नातला हळदीचा डाग.

बाकीच्यांच्या मॅट रबरी, जांभळ्या, पोपटी.
निरंजनाबेननी विचारलं, "पहेली वार?"
मी मान हलवली.
"सरस!" म्हणाल्या,
जसा काही मी बोर्डात आलोय.

हात वर.
माझे कानापर्यंत गेले.
पुढं फाटक बंद, गाडी येतेय.
"जोर नथी करवानो, जगतापभाई."
आता काय सांगू यांना?
प्रतापनगरच्या पार्सल ऑफिसात अडतीस वर्षं
मी जोर करण्याचाच पगार घेतला.
ट्रंका, गोण्या, सायकली, एकदा एक हार्मोनियम,
सगळ्यांचं वजन मला अजून पाठ आहे.
हाताचं स्वतःचं वजन
आज पहिल्यांदा कळलं.

पाय लांब करून पुढं वाका.
वाकलो. म्हणजे मान वाकली.
दूर, दुसऱ्या गावी असावेत तसे
पायाचे अंगठे दिसले.
डाव्यावर तो व्रण.
दिवाळीच्या गर्दीत पेटी निसटली होती,
मी ओरडलोही नव्हतो, पुढची पावती फाडली होती.
किती वर्षांनी पाहतोय याला.
हात पोचत नव्हता,
नुसतं पाहून घेतलं.

"हवे ऊंडो श्वास."
गुजराती मला घरच्यासारखी येते,
भाजीवाल्याशी तिच्यातच भांडतो,
पण ऊंडो हा शब्द मी आजवर विहिरीलाच लावला.
लहानपणी मामांनी डभोईकडची एक वाव दाखवली होती.
पायऱ्या, मग गारवा, मग आणखी पायऱ्या,
तळाशी अंधारात नाण्याएवढं पाणी.
मी दुसऱ्या टप्प्यावरूनच मागं फिरलो होतो.

आताही तेच.
श्वास गळ्यातून उतरला,
छातीच्या पहिल्या पायरीवर
चपला काढाव्यात की नकोत, अशा विचारात थांबला
आणि वळला.
"वांधो नहीं," बेन म्हणाल्या, "काले बे पगथियां."
गुजरातीत काले म्हणजे उद्याही आणि कालही.
कुठल्या पायऱ्या उतरायच्या
ते मी विचारलं नाही.

मग वृक्षासन.
मी भिंत धरली. भिंत चांगली होती.
आणि तेव्हा पुढच्या रांगेत
कालिंदी दिसली.
सहा वर्षं ती इथं येते,
सहा वर्षं मी म्हणत आलो, तुझा तो टाइमपास.
एका पायावर उभी होती,
हात वर जोडलेले, अंबाड्यातली पिन सुटत आलेली,
पंख्याच्या वाऱ्यानं पदर हलत होता,
ती नाही.
काट्यावर अचूक वजन आलं की
काटा असा थांबायचा.
पस्तीस वर्षांच्या संसारात
या बाईला मी पाठमोरी
इतका वेळ कधी पाहिली नव्हती.
माझा पाय केव्हाच खाली आला होता.

शवासनात म्हणे घोरलो.
कुणीतरी हसलं, बेननी "शूऽऽ" केलं,
हे नंतर कळलं.
मला फक्त आठवतं, खालून
सेवउसळीच्या फोडणीचा वास वर येत होता
आणि त्याला आत यायला
कुणी अडवत नव्हतं.

खाली, दाराशी, बूट.
मी पायरीवर बसलो, वाकलो.
कालिंदी रस्त्याकडं तोंड करून
रिक्षा शोधत उभी राहिली.
एक नाडी. थांबलो. श्वास.
दुसरी नाडी.
तोवर दोन रिक्षा गेल्या,
दोन्ही रिकाम्या.